हँडब्रेक सैल झालाय? केबल आवळायच्या आधी ड्रम उघडून बघा

हँडब्रेक लागत नाही म्हणून गाडी गॅरेजला नेली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. मेस्त्री दोन सीटच्या मधलं कव्हर उचलतो, पाना घालतो, नट तीन-चार फेरे आवळतो, दांडा ओढून दाखवतो आणि म्हणतो, "झालं बगा साहेब, एकदम कडक." पाच मिनिटांचं काम, आपण पण खुश. आणि थोड्या दिवसांनी दांडा परत छताकडं बघायला लागतो, मग परत आवळायचं, असं करत करत एक दिवस नटाचे आटेच संपतात, तेव्हा कुणीतरी म्हणतं की आता केबल बदला. केबल बदलली तरी तेच. कारण गडबड केबलमध्ये नव्हतीच, ती मागच्या चाकात होती आणि तिथं कुणी बघितलंच नाही.

हा लेख एवढ्यासाठीच लिहितोय. हँडब्रेकचं काम चाकाकडून दांड्याकडं करत यायचं असतं, दांड्याकडून चाकाकडं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपंय, आणि तुम्ही स्वतः हात लावणार नसाल तरी मेस्त्रीला काय सांगायचं ते तरी कळेल.

आधी हे चालतं कसं ते बघू. पायाचा ब्रेक तेलावर चालतो, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर. हँडब्रेकचा त्या तेलाशी काही संबंध नाही, तो सरळ तारेवर चालतो, सायकलच्या ब्रेकसारखा, आणि तो मुद्दाम तसा वेगळा ठेवलेला असतो म्हणजे तेल गळून पायाचा ब्रेक गेला तरी हा राहावा. दांडा ओढला की खाली दातेरी पट्टीवर एक खटका अडकत जातो, तो कर्र कर्र आवाज त्याचाच. दांड्यापासून तार निघते, पुढं एका आडव्या पट्टीला जोडलेली असते जिला इक्वलायझर म्हणतात, आणि तिथून दोन केबल फुटतात, एक डाव्या मागच्या चाकाला, एक उजव्या. इक्वलायझरचं काम एवढंच की ओढ दोन्हीकडं सारखी जावी.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागं ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. ड्रमच्या आत अर्धगोल दोन ब्रेक शू असतात, त्यांच्यावर लायनर, म्हणजे घासून पकड धरणारा थर, चिकटवलेलं असतं. केबल ड्रमच्या आत येऊन एका छोट्या लिव्हरला अडकते, हा लिव्हर एका शूला वरच्या बाजूला जोडलेला असतो. केबलनं त्याचं खालचं टोक ओढलं की तो मधल्या एका पट्टीला ढकलतो, पट्टी समोरच्या शूला ढकलते, आणि दोन्ही शू बाहेर सरकून ड्रमला आतून दाबतात. बस, एवढंच आहे हँडब्रेक.

आता खरी गंमत. तुमच्या हाताचा जोर ड्रमपर्यंत जाताना कित्येक पट वाढतो, दांड्यामुळं एकदा आणि ड्रममधल्या लिव्हरमुळं परत एकदा. पण जोर जेवढ्या पट वाढतो तेवढ्याच पट हालचाल कमी होते, हा निसर्गाचा नियम आहे, त्यातून सुटका नाही. धरून चाला की जोर २५ पट वाढतोय. मग शू आणि ड्रममधलं अंतर दोन्हीकडं मिळून नुसतं १ मिलिमीटर जास्त झालं, तर ते भरून काढायला तुमच्या हातात दांडा २५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच, जास्त वर यावा लागतो. म्हणजे दोन-चार क्लिक, खटक्याचे दात, नुसत्या रिकाम्या गेल्या. चाकात झालेली केसाएवढी झीज दांड्यावर एवढी मोठी दिसते, म्हणून माणसाला वाटतं की केबल ताणली गेली. केबल ताणली जाते, नाही असं नाही, नवी असताना थोडी जातेच, पण नंतर नंतर जे दांडा वर येणं असतं ते बहुतेक करून लायनरचं किंवा अॅडजस्टरचं असतं.

अॅडजस्टर म्हणजे काय, तर ती जी मधली पट्टी सांगितली तिच्यात एक दातेरी चाकी असते, तिला स्टार व्हील म्हणतात. लायनर झिजेल तसं ही चाकी एक एक दात फिरते आणि पट्टी लांब होत जाते म्हणजे अंतर तेवढंच राहतं. बऱ्याच गाड्यांत हे आपोआप होतं, पाय ब्रेकवर पडला आणि शू जरा जास्त बाहेर गेला की छोटा खटका चाकीचा एक दात पुढं सरकवतो. आता इथंच त्या पाच मिनिटांच्या कामाचं नुकसान कळतं. केबल वरून आवळून ठेवली की ड्रममधला लिव्हर कायम थोडा ओढलेला राहतो, पट्टी आधीच पुढं ढकललेली राहते, त्यामुळं शू पूर्ण मागं येऊन परत पूर्ण जात नाही, आणि अॅडजस्टरला वाटतं की अंतर बरोबर आहे, तो फिरायचं बंद होतो. म्हणजे जी गोष्ट आपोआप दुरुस्त होत होती तीच तुम्ही बंद पाडली. वर शू कायम घासत राहिला तर ड्रम तापतो, लायनर भराभर उडतं, अॅव्हरेज पडतं.

आता तुमच्या गाडीत नेमकं काय झालंय ते ओळखायचं कसं. पहिलं म्हणजे क्लिक मोजा. सपाटीवर गाडी लावून नेहमीच्या जोरानं दांडा ओढा. आपल्या छोट्या गाड्यांत साधारण ५ ते ८ क्लिकमध्ये गच्च व्हायला पाहिजे, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा आहे तो मॅन्युअलमध्ये असतो, आणि तोच धरायचा. क्लिक जास्त येतात पण शेवटी दोन्ही चाकं धरतात, तर झीज किंवा अॅडजस्टर. क्लिक बरोबर येतात, दांडा कडक लागतो, तरी गाडी धरत नाही, तर हे जास्त वाईट, एकतर केबल आतल्या आत जाम आहे म्हणजे तुमचा जोर चाकापर्यंत जातच नाही, किंवा लायनरला तेल लागलंय. एकच चाक धरतं आणि दुसरं फिरतं, तरी यापैकीच काहीतरी त्या बाजूला आहे, आणि अशावेळी नट कितीही आवळा काही उपयोग नाही. दांडा ओढला आणि हात काढल्यावर खाली घसरला तर दातेरी पट्टी किंवा खटका झिजलाय, तिथं जुगाड नको, दांड्याची असेंब्ली बदलायची.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा विसरू नका. दांडा पहिल्या क्लिकला आला की तो लागला पाहिजे आणि सोडला की विझला पाहिजे. पण बहुतेक गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. दांडा पूर्ण खाली आहे तरी दिवा चालू आहे, तर दांड्याखालचं बटण खराब आहे असं ठरवून तसंच पळवू नका, आधी बोनेट उघडून तेलाची बाटली बघा. लायनर किंवा पॅड (डिस्क ब्रेकचं लायनर) झिजले की तेलाची पातळी पण खाली जाते, आणि गळती असली तर जातेच जाते.

स्वतः करणार असाल तर आधी जागा. कडक आणि सपाट जमीन पाहिजे, फरशी किंवा काँक्रीट. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडं नवीन घरांच्या पुढं अजून काळी माती आहे, तिच्यावर जॅक लावला की तो एका बाजूला बसतो, आणि पावसानंतर तर विचारूच नका, म्हणून खाली जाड फळी तरी टाका. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूनं लाकडी ठोकळे लावा, कारण मागून गाडी उचलून हँडब्रेक सोडला की तिला थांबवणारं दुसरं काही उरत नाही. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, जॅक स्टँड लावायचेच, यात मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

दांडा पूर्ण खाली, गाडी न्यूट्रल, मागची दोन्ही चाकं हातानं फिरवून बघा. फिरताना जड लागतंय का, कुठं घासतंय का. मग चाक काढा, ड्रम काढा. ड्रम सहसा सहज निघत नाही, आतल्या कडेला गंजाची आणि झिजेची एक धार तयार झालेली असते त्यात शू अडकतो. बऱ्याच ड्रमवर बोल्ट घालायला दोन आट्याची भोकं दिलेली असतात, त्यात दोन बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर येतो. तरी नाही आला तर मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं ते काढून पेचकसनं स्टार व्हील उलटं फिरवा, शू आत जातात. हातोडीनं कडेवर दणादण मारू नका, कास्टिंगला चीर जाते. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकच असतं, तिथं मधला मोठा नट काढावा लागतो, तो नट ठरलेल्या टॉर्कलाच, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरालाच, लावायचा आणि बऱ्याच वेळा नवाच टाकायचा असतो. तुमची गाडी त्यातली असेल आणि टॉर्क रेंच नसेल तर हे काम घरी करू नका, सरळ चांगल्या फिटरकडं न्या.

ड्रम निघाल्यावर आत काळी भुकटी असते. ती तोंडानं फुंकायची नाही, हवेचा पाइप पण मारायचा नाही. आपल्याकडं गॅरेजमध्ये सर्रास हवा मारतेत आणि पोरगं समोर तोंड करून बसलेलं असतं, बघवत नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती भुकटी फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. ब्रेक क्लीनर मारून ओलं करून फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा.

आता बघायचं काय. लायनर किती उरलंय, १ मिलिमीटरच्या जवळ आलं असेल तर बदला, आणि बदलायचं तर दोन्ही चाकांचं एकदम, एका बाजूचं नाही. लायनरवर ओलसर चमक आहे का, व्हील सिलिंडरचं (पायाच्या ब्रेकच्या तेलानं शू ढकलणारा भाग) रबर किंचित उचलून बघा खाली तेल आहे का. तेल असेल तर सिलिंडर गळतंय, आधी ते दुरुस्त करा मग शू नवे टाका. तेल प्यालेलं लायनर पेट्रोलनं धुवून, पॉलिश पेपर मारून परत बसवतात काही लोक, ते दोन दिवस धरतं आणि परत घसरतं, कारण तेल आतपर्यंत मुरलेलं असतं. ड्रमच्या आत खोल चर पडले असतील तर लेथवर टर्निंग मारता येतं, पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढं गेला की ड्रम टाकून द्यायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी बघत नाही. ड्रम उघडा असताना, दांडा खाली असताना, तो छोटा लिव्हर शूच्या पत्र्याला पूर्ण टेकलेला आहे का बघा. टेकलेला नसेल तर केबल आधीच जास्त आवळलेली आहे किंवा जाम आहे. वर जाऊन केबलचा नट सैल सोडा. सोडूनही लिव्हर मागं येत नसेल तर केबल जाम. हातानं पुढं मागं करून बघितलं की लगेच कळतं.

केबल जाम का होते, तर तिच्यावरचं आवरण किंवा टोकाची रबरं फाटतात, धुताना प्रेशरचं पाणी आत जातं, वर आपली धूळ, ते आत वाळून गंज धरतो. शिवाय सोलापूर तसं सपाट गाव, त्यामुळं आपण कित्येक महिने हँडब्रेक ओढतच नाही, नुसती गिअरमध्ये टाकून उतरतो, आणि तार एकाच जागी बसून राहते. वापर नसणं हा या केबलचा मोठा शत्रू आहे, म्हणून गरज असो नसो, रोज ओढत जा. जाम केबलमध्ये तेल ओतून ती मोकळी झाल्यासारखी वाटते, पण बऱ्याच केबलमध्ये आत प्लास्टिकचं अस्तर असतं, तिथं तेल सोडलं की धूळ चिकटून अजून घट्ट बसते. केबल बदलणंच बरं.

सगळं ठीक असेल किंवा नवे शू टाकले असतील तर आता अॅडजस्ट करायचं, आणि क्रम महत्त्वाचा. केबल सैल ठेवूनच स्टार व्हील फिरवा, ड्रम चढवून फिरवून बघा, ड्रम अगदी हलकासा घासत फिरेल इथंपर्यंत या, घट्ट नको. दोन्ही बाजू सारख्या. मग ड्रम बसवून ब्रेकचं पेडल पंधरा-वीस वेळा दाबा, शू मधोमध बसतात आणि ऑटो अॅडजस्टर उरलेलं काम करतो, आत टिक टिक ऐकू यायची थांबली की झालं. आणि आत्ता, सगळ्यात शेवटी, वर येऊन केबलचा नट. थोडा थोडा आवळत मॅन्युअलमधल्या क्लिकवर आणा, दोन-तीन वेळा पूर्ण ओढून सोडा, परत मोजा. दांडा पूर्ण खाली केल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, नट आवळल्यामुळं घासणं वाढलेलं नको. ओढल्यावर दोन्ही सारखी अडली पाहिजेत. लॉक नट असेल तर तो लावायला विसरू नका. केबलला फार म्हणजे फार दोन-तीन फेरे लागतात, त्यापेक्षा जास्त लागायला लागले तर थांबा, मागं काहीतरी राहिलंय.

काम झाल्यावर पहिल्यांदा थोडं अंतर चालवून मागच्या चाकांजवळ हात न्या, चिकटवू नका, नुसता जवळ. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर तिथं घासतंय.

मागं ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, असेल तर दोन प्रकार. काहींत डिस्कच्या मधल्या टोपीत हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो, त्याचं सगळं वरच्यासारखंच. काहींत कॅलिपरमध्येच, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यातच, लिव्हर असतो जो पिस्टनला यांत्रिकपणे ढकलतो, इथं पॅड बदलताना पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो, जबरदस्तीनं दाबला तर आतली यंत्रणा तुटते आणि नवा कॅलिपर घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल, म्हणजे दांड्याऐवजी बटण, तर चाकाला मोटर असते, पॅड बदलायच्या आधी स्कॅनर लावून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनं सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं. स्कॅनर नसलेल्या माणसाला त्याला हात लावू देऊ नका. आणि बॅटरी पूर्ण उतरली तर हा ब्रेक सुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

तापलेल्या ब्रेकचं एक सांगायलाच पाहिजे. तुळजापूरला जाताना घाट लागतो, गाव पण डोंगराच्या अंगावर आहे, सपाट सोलापुरातून गेलेल्या गाडीचा हँडब्रेक तिथंच पहिल्यांदा खऱ्या परीक्षेला बसतो. परतीला उतारावर ब्रेक दाबत दाबत आलात आणि खाली चहाला उतारावरच गाडी लावली, तर डिस्क गरम असते, गार होताना ती आकसते आणि पॅडची पकड सैल होते. लावताना घट्ट असलेली गाडी थोड्या वेळानं हलू शकते. इलेक्ट्रिकवाल्या बऱ्याच गाड्या स्वतः परत आवळून घेतात, तारेवाल्या नाही घेत. ड्रमचं उलटं, गरम ड्रम फुगलेला असतो आणि गार होताना आकसून शूवर अजून घट्ट बसतो, म्हणून कधी कधी सोडताना गाडी अडल्यासारखी वाटते.

चढ-उतारावर लावताना पाय ब्रेकवर, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढा, मग पाय सोडा आणि गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्या, धरलं हे बघून मगच परत पाय दाबून गिअर टाका. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स. चाकं रस्त्याच्या कडेकडं वळवून ठेवा. युरोपातल्या १३-एच नियमात कारच्या पार्किंग ब्रेकनं पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर धरली पाहिजे असं आहे, म्हणजे १०० मीटरला २० मीटर चढ, आणि हाताचा जोर ४०० न्यूटन, साधारण ४० किलोच्या वर लागता कामा नये. म्हणजे नीट असलेल्या हँडब्रेकला दोन हातांनी लोंबकळायची गरज नसते, लागत असेल तर तो नादुरुस्त आहे. गाडी महिनाभर घरी उभी राहणार असेल तर मात्र उलट करा, सपाटीवर गिअरमध्ये टाकून ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, विशेषतः धुतल्यावर, नाहीतर ओले शू ड्रमला चिकटतात.

आता शेवटी ट्रकवाल्यांसाठी, कारण हैदराबाद रोड, पुणे रोडला ट्रकची काय कमी नाही. हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये सगळं उलटं असतं. तिथं पार्किंग ब्रेक हवेनं लागत नाही, तो एका जबरदस्त स्प्रिंगनं लागतो आणि हवेनं सुटतो. म्हणून टाकीतली हवा गेली की ट्रक जागेवर अडतो, आणि ते बरोबरच आहे. अशा अडलेल्या ट्रकला हलवायला चेंबरच्या, म्हणजे ती स्प्रिंग ज्या डब्यात असते त्याच्या, मागचा लांब बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून ठेवता येते, पण त्याआधी चाकांना ठोकळे लावलेच पाहिजेत कारण तो बोल्ट आवळला की ट्रकला पार्किंग ब्रेकच उरत नाही. आणि तो चेंबर खोलायचा नाही, क्लॅम्प सैल करून आत काय आहे बघायचं नाही, आतली स्प्रिंग दाबून भरलेली असते, ती सुटली तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. गळत असेल तर अख्खा चेंबर बदला, आणि जुना भंगारात देताना पण ज्याला ते काम येतं त्याच्याकडून स्प्रिंग निकामी करून घेऊनच द्या, भंगारवाल्याच्या पोराच्या हातात तसाच देऊ नका.